फाल्त्सच्या जंगलातील पडके किल्ले : आई-बाबांना कोणते दाखवावेत?

वाटचुकार

नमस्कार. मी जर्मनीतल्या मानहाइममध्ये राहतो. ऑक्टोबरमध्ये माझे आई-बाबा पुण्याहून येत आहेत. बाबांनी तरुणपणी राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड अनेकदा पालथे घातले असून सत्तरीकडे झुकल्यावरही त्यांची चढण्याची हौस कमी झालेली नाही. आईचे गुडघे मात्र उतारावर कुरकुर करतात. येथून गाडीने तासा-सव्वातासावर फाल्त्स प्रांतातले फॅल्त्सरवाल्डचे जंगल आहे, आणि त्याच्या दक्षिण भागात, म्हणजे फ्रान्सच्या सीमेलगतच्या वास्गाऊ टापूत, लाल वालुकाश्माच्या सुळक्यांवर मध्ययुगीन किल्ल्यांचे इतके अवशेष आहेत की दोन दिवसांत कोणते निवडावेत हे ठरवता येत नाही. बहुतेक पर्यटक ट्रिफेल्सला जातात. माझे मत असे, की तो गाळावा, कारण आज दिसणारी त्याची मुख्य इमारत विसाव्या शतकात बांधलेली आहे आणि ज्यांनी खरे गड पाहिले आहेत त्यांना नवे बांधकाम दाखवण्यात अर्थ नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कार्ल्सरूहकर

डान गावाजवळच्या किल्ल्यांपासून सुरुवात करावी. आल्टडान, ग्राफेनडान आणि टानश्टाइन हे तीन किल्ले एकाच लांबट कातळरांगेवर ओळीने उभे आहेत. वाहनतळापासून चढ थोडा आहे, प्रवेशशुल्क आहे, आणि आत शिरल्यावर कातळात खोदलेल्या पायऱ्या, खोल्या, तुळया बसवण्याच्या खोबण्या, पाण्याची टाकी असे सर्व काही हाताच्या अंतरावर पाहता येते. वडिलांना वर चढून प्रत्येक बुरुज पाहू द्यावा. आईंना खालच्या पातळीवरही पुष्कळ काही दिसेल.

दुसऱ्या दिवशी चार किल्ल्यांची प्रदक्षिणा करावी. वेगेल्नबुर्ग जर्मनीत आहे, तर होहेनबुर्ग, ल्योवेनश्टाइन आणि फ्लेकेनश्टाइन हे तिघे फ्रान्समध्ये. चालण्याचेच सुमारे तीन तास धरावेत आणि किल्ले पाहण्याचा वेळ वेगळा ठेवावा. वेगेल्नबुर्ग ५७२ मीटर उंचीवर आहे आणि फाल्त्समधील किल्ल्यांच्या अवशेषांत तो सर्वांत उंच आहे. वाटेत जंगलातच सीमा ओलांडली जाते व तेथे जुने सीमेचे दगड सोडले तर काहीही नाही. तरीही पासपोर्ट जवळ असू द्यावेत, कारण परतताना रस्त्यावर तपासणी होऊ शकते.

खडूस

आपले बाबा राजगडाच्या बालेकिल्ल्यावर जाऊन आलेले आहेत. त्यांना ५७२ मीटरच्या टेकडीवर नेऊन 'हा सर्वांत उंच किल्ला' असे सांगितल्यास ते आपल्या संस्कारांमुळे हसणार नाहीत, इतकेच. दगडाच्या एका सुळक्यावर चार भिंती आणि एक जिना, यालाच हे लोक किल्ला म्हणतात. माची नाही, तटाचा घेर नाही, शिबंदी राहील इतकी सपाटी नाही. त्यापेक्षा ऱ्हाइनवरच्या बोटीतून फिरवून आणावे.

टाके_आणि_जोते

खडूस यांचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. राजगड ही राज्याची राजधानी होती आणि फ्लेकेनश्टाइन हे एका सरदार घराण्याचे राहते घर होते, त्यामुळे दोघांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही.

बाराव्या-तेराव्या शतकांत पवित्र रोमन साम्राज्याच्या होहेनश्टाउफेन घराण्यातील सम्राटांच्या ताब्यात हा मुलूख होता आणि ट्रिफेल्स हे त्याचे केंद्र होते. आजूबाजूच्या सुळक्यांवर सम्राटाची चाकरी करणारी लहान घराणी बसवली गेली. तेराव्या शतकाच्या मध्यानंतर केंद्रीय सत्ता ढासळली आणि ही घराणी आपापल्या दरीची मालक झाली. त्यामुळे एका सुळक्यावरून ओरडले तर दुसऱ्यावर ऐकू जावे इतके जवळजवळ किल्ले येथे आढळतात. आपल्याकडे घाटवाटेवर नजर ठेवण्यासाठी जोडकिल्ले असत. येथे शेजारचा किल्ला बहुधा चुलत्याचा असे.

कालांतराने वारस वाढले आणि एकेका किल्ल्यात अनेक हिस्सेदार झाले. बुसेनबेर्गजवळच्या ड्राखेनफेल्सचे असेच झाले होते. कोणत्या खोल्या कोणाच्या, दरवाजाची राखण कोणी करायची, विहिरीचा खर्च कसा वाटायचा आणि किल्ल्याच्या हद्दीत आपापसांत शस्त्र उपसायचे नाही, असे लेखी करार ही मंडळी करीत असत. हे ठाऊक असले की एवढ्याशा जागेत इतके जिने आणि इतकी दारे कशासाठी, याचा उलगडा होतो.

मितभाषी

म्हणजे कोकणातले सामाईक घर. ओटी थोरल्याची, माजघर धाकट्याचे आणि कौले कोणीच बदलायची नाहीत.

केतकीचे_पान

मूळ धाग्यातील ट्रिफेल्सविषयीच्या मताशी मी पूर्ण असहमत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आनवाइलर गावाच्या डोक्यावर झोनेनबेर्ग नावाच्या टेकडीवर ४९४ मीटर उंचीवर ट्रिफेल्स आहे. त्याचा पहिला लेखी उल्लेख १०८१ सालचा आहे. तिसऱ्या धर्मयुद्धावरून परतत असताना इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड डिसेंबर ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ पकडला गेला, ऑस्ट्रियाच्या ड्यूकने त्याला सम्राट सहावा हाइन्रिख याच्या हवाली केले आणि ११९३ च्या वसंतात त्याला काही आठवडे या किल्ल्यावर ठेवण्यात आले. त्याच्या सुटकेसाठी चांदीची प्रचंड खंडणी मागितली गेली आणि तिचा मोठा भाग वसूलही झाला. पुढल्याच वर्षी हाइन्रिख सिसिलीच्या स्वारीवर निघाला तो ट्रिफेल्सवरूनच. साम्राज्याचा मुकुट, राजदंड, तलवार ही राजचिन्हेही बाराव्या-तेराव्या शतकांत दीर्घकाळ येथे ठेवलेली असत. आज गडावर त्यांच्या प्रतिकृती आहेत. मूळ वस्तू व्हिएन्नात आहेत.

आता बांधकामाविषयी. १६०२ मध्ये वीज पडून किल्ला जळाला आणि त्यानंतर आसपासच्या लोकांनी त्याचे दगड नेले. १९३८ मध्ये नाझी राजवटीत पुनर्बांधणी सुरू झाली. त्या वेळी फाल्त्स बव्हेरियाच्या प्रशासनाखाली होता व बव्हेरियाचे तत्कालीन मुख्यमंत्री लुडविग झीबर्ट या कामामागे होते. वास्तुरचनाकार रुडोल्फ एस्टरर यांनी जे उभारले, त्याला मूळ इमारतीचा आधार फारच थोडा होता. भव्य दालन, रुंद जिना, उंच कमानी यांतून त्या राजवटीला हवा असलेला भूतकाळ दाखवायचा होता.

इतके असूनही मुख्य मनोऱ्याचा मोठा भाग होहेनश्टाउफेनकालीन आहे. कडा तासलेल्या आणि मधला भाग फुगीर ठेवलेल्या दगडांची ती भिंत पाहून ज्याने आयुष्यभर गड पाहिले तो माणूस जुने कोणते आणि नवे कोणते हे आपण सांगण्यापूर्वीच ओळखेल. मनोऱ्यात सम्राटाचे प्रार्थनास्थळ आहे आणि त्याची वेदी असलेला अर्धगोल भाग भिंतीतून बाहेर डोकावतो. बाजूला वेगळा उभा असलेला विहिरीचा मनोराही पाहण्यासारखा आहे. ती विहीर कातळात ७९ मीटर खोल आहे. वडिलांना ट्रिफेल्स जरूर दाखवावा, आणि त्याची १९३८ ची गोष्ट लपवू नये.

वाटचुकार

केतकीताई, इतक्या तपशिलाबद्दल आभार. तरीही माझी अडचण कायम आहे. पडका किल्ला पाहताना मन आपोआप उरलेला भाग रचत जाते, आणि दुसऱ्याने रचून ठेवला की तो व्यवहार थांबतो. एस्टरर यांचे दालन एकदा पाहिले की बाराव्या शतकाची कल्पना करताना तेच डोळ्यांपुढे येते.

ठाणेकर_इतिहासप्रेमी

मी त्या भागात कधी गेलेलो नाही, परंतु चर्चेचा विषय आपल्याकडेही जिवंत आहे. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाल्यापासून डागडुजी कुठवर करावी हा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे. ढासळणारा तट सावरणे ही एक गोष्ट आणि गेलेला वाडा कल्पनेने उभा करणे ही दुसरी. रायगडावर राजवाड्याची जोती जशी आहेत तशी पाहताना जे कळते, ते त्यांवर इमारत उभारल्यास कळेल असे मला वाटत नाही. या बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे.

जाता जाता एक योगायोग नोंदवतो. १६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड मोगलांच्या हाती गेला. त्याच वर्षी चौदाव्या लुईच्या फौजांनी फाल्त्स बेचिराख केला. श्पायर शहर जाळले गेले, हायडेलबर्गचा राजवाडा उडवला गेला आणि डोंगरांतील अनेक किल्लेही त्याच मोहिमेत पडले, असे वाचल्याचे स्मरते. जाणकारांनी अधिक सांगावे.

टाके_आणि_जोते

आपले स्मरण बरोबर आहे. एश्बाखजवळचा माडेनबुर्ग १६८९ मध्ये फ्रेंचांनी उद्ध्वस्त केला. तथापि सगळे किल्ले एकाच वेळी पडले नाहीत आणि या टापूतील प्रत्येक अवशेषामागे वेगळा घाव आहे.

पहिला मोठा घाव १५२३ चा. फ्रान्झ फोन झिकिंगन या सरदाराने ट्रीरच्या धर्मसत्ताधीशाविरुद्ध युद्ध पुकारले. उलटून ट्रीर, फाल्त्स आणि हेस्सेन यांच्या संयुक्त फौजा त्याच्यावर चालून आल्या. लांडश्टुलच्या नानश्टाइन किल्ल्यावर तोफांचा मारा झाला, झिकिंगन जबर जखमी झाला आणि किल्ला दिल्यानंतर त्याचा तेथेच मृत्यू झाला. त्याच्या पक्षातला ड्राखेनफेल्सही त्याच महिन्यात पाडण्यात आला व पुन्हा कधी बांधला गेला नाही. उंच सुळक्यावर बसलेला सरदार तोफेपुढे सुरक्षित नाही, हे त्या मोहिमेने सर्वांना दाखवून दिले. दोनच वर्षांनी, १५२५ च्या शेतकरी उठावात, लिंडेलब्रुन जाळला गेला. ग्रेफेनश्टाइन १६३५ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात जळाला. त्याचा सात कोनांचा बुरुज आजही उभा आहे. वेगेल्नबुर्ग, होहेनबुर्ग आणि फ्लेकेनश्टाइन १६८० मध्ये फ्रेंचांनी पाडले.

यातला १५२३ आणि १६८० मधला फरक भिंती पाहताना ध्यानात ठेवावा. पहिल्या वेळी शत्रूला हरवायचे होते. दुसऱ्या वेळी किल्ल्यांत लढण्याजोगे फारसे कोणी नव्हतेच. पुढे कोणी त्यांचा आश्रय घेऊ नये म्हणून ते निकामी केले गेले. १८१८ नंतर इंग्रजांनी नाशिककडच्या गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, त्यामागे हाच विचार होता. अलंग-मदनला दोर लावून चढलेल्या माणसाला वेगेल्नबुर्गची कथा समजावून सांगावी लागणार नाही.

खडूस

वरील प्रतिसाद वाचून उंचीविषयीचे माझे विधान मागे घेत नाही, परंतु ऱ्हाइनच्या बोटीचा आग्रह सोडतो.

लुडविग्सहाफेनची_सून

इतिहास झाला, आता पोटाचे पाहू. आपल्या आई शाकाहारी असतील असे गृहीत धरते. या जंगलातला खरा आनंद म्हणजे फॅल्त्सरवाल्ड-फेराइन या १९०२ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या स्थानिक शाखांनी चालवलेल्या झोपड्या. तेथे स्वयंसेवक स्वयंपाक करतात, आपण रांगेत उभे राहून ताट घ्यायचे आणि लांब बाकावर अनोळखी माणसांशेजारी बसायचे. उकडलेले बटाटे व त्यांच्यासोबत कांदा-पात घातलेले पांढरे मऊ चीज हा शाकाहारी माणसाचा हमखास आधार आहे. ऑक्टोबरात नव्या वाइनबरोबर कांद्याचा केक सर्वत्र मिळतो, पण त्यात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये. बऱ्याच झोपड्या फक्त शनिवार-रविवारी आणि एखाद्या मधल्या वारी उघडतात. रोख पैसे न्यावेत.

वाइनमध्ये सोडा घालून देतात त्याला येथे शोर्ले म्हणतात. खोलगट ठिपके असलेल्या अर्ध्या लिटरच्या पेल्यात ती मिळते, आणि सोडा केवळ नावापुरता असतो. बाबांना वर चढण्यापूर्वी देऊ नये.

मितभाषी

आणि उतरण्यापूर्वी?

लुडविग्सहाफेनची_सून

उतरण्यापूर्वी तर मुळीच नाही.

कार्ल्सरूहकर

विषय निघालाच आहे तर सुरक्षिततेविषयी थोडे. येथील पायवाटा उत्तम राखलेल्या असून झाडांवर रंगीत पट्ट्या, फुल्या आणि ठिपके रंगवलेले असतात. सह्याद्रीत लागतो तसा वाटाड्या घ्यावा लागत नाही. मात्र वालुकाश्म ओला झाला की निसरडा होतो आणि त्यावर पडलेली बीचची पाने त्याहून वाईट. ड्राखेनफेल्सचा वरचा टप्पा अरुंद आहे, उंचीची भीती असणाऱ्याने तो टाळावा. जंगलात गोचिडी असतात व ऑक्टोबरातही त्या पूर्णपणे जात नाहीत. परतल्यावर पायांचे घोटे, गुडघ्यांमागची जागा आणि मान तपासावी. ऑक्टोबरच्या मध्यास साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याआधीच अंधारते.

किल्ल्यावर मुक्काम करण्याचा विचार वडिलांच्या मनात येईलच. पद्मावती मंदिरात पथारी पसरणाऱ्या माणसाला हे कठीण वाटेल, पण येथे जंगलात कुठेही तंबू टाकण्यास मनाई आहे. त्यासाठी ठरावीक जागा आहेत आणि त्यांची आगाऊ नोंदणी करावी लागते.

केतकीचे_पान

बेरवार्टश्टाइनचे नाव अजून कोणीच कसे घेतले नाही? एर्लेनबाखजवळचा हा किल्ला १५९१ मध्ये जळाला, तीन शतके पडून राहिला आणि १८९३ नंतर एका खासगी मालकाने तो राहण्याजोगा केला. म्हणजे हेही पुनर्बांधणीचेच उदाहरण, तरी त्याविषयी कोणी नाक मुरडत नाही. मूळ प्रवेश म्हणजे कातळातील धुराड्यासारखी उभी नाळ. ती वरून बंद केली की किल्ल्यात शिरायला दुसरी वाट नसे. आत कातळात कोरलेली दालने आहेत आणि १०४ मीटर खोल विहीर आहे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस येथे हान्स फोन ट्रोथा नावाचा सरदार राहत असे. व्हिसेंबुर्गच्या मठाशी त्याचे मालमत्तेवरून वैर होते. त्याने लाउटर नदीला बांध घालून खालच्या गावाचे पाणी तोडले आणि तक्रारी झाल्यावर बांध फोडून गाव बुडवले, अशी कथा सांगतात. चर्चने त्याला बहिष्कृत केले. १५०३ मध्ये तो मेला, पण लोकांनी त्याला मरू दिले नाही. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात आजही नाताळात तो 'हान्स ट्राप' होऊन खोडकर मुलांना भीती दाखवायला येतो.

ठाणेकर_इतिहासप्रेमी

केतकीताईंचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. बेरवार्टश्टाइनला सूट आणि ट्रिफेल्सला आक्षेप, असे का व्हावे? मला वाटते, एकाने राहण्यासाठी छप्पर घातले आणि दुसऱ्याने राष्ट्राला धडा देण्यासाठी दालन बांधले. दगड तितकेच नवे असले तरी हेतूचा फरक उरतो. मात्र या न्यायाने ट्रिफेल्स गाळण्याऐवजी मुद्दाम पाहायला हवा, हेही कबूल करावे लागते. विसाव्या शतकातल्या एका राजवटीने बाराव्या शतकाला कसे कामाला लावले, हे इतके उघडपणे दगडांत पाहायला मिळत असेल तर तोही इतिहासच आहे.

वाटचुकार

ठाणेकर, हा युक्तिवाद मात्र मला हलवून गेला. सर्वांचे प्रतिसाद वाचून पुढीलप्रमाणे ठरवतो आहे. शनिवारी सकाळी आनवाइलरवरून ट्रिफेल्स, मग दुपारी डानचे तीन किल्ले. रविवारी फ्लेकेनश्टाइनपर्यंत गाडीने जायचे, आईसह तो किल्ला पाहायचा आणि नंतर ती खाली थांबेल तोवर बाबा आणि मी उरलेले तीन किल्ले फिरून येऊ. बेरवार्टश्टाइन वेळ उरल्यास.

टाके_आणि_जोते

रविवारचा बेत उत्तम आहे. फ्लेकेनश्टाइनला वाहनतळ किल्ल्याच्या पायथ्याशीच आहे, त्यामुळे आईंना फारसे चढावे लागणार नाही. तेथे कातळाच्या पोटातील खोल्या आणि वर सामान ओढून घेण्याच्या मनोऱ्याची जागा दोघांना नीट दाखवावी. चालून झाल्यावर गिंबेलहोफ येथे भोजनाची सोय आहे. आईंना थेट तेथेच बोलावून घेता येईल.

शनिवार मात्र फार भरगच्च झाला आहे. ट्रिफेल्सच्या वरच्या वाहनतळापासूनही वीस मिनिटांची चढण आहे, आणि खरी कसोटी आईंच्या गुडघ्यांची लागेल ती उतरताना. त्यानंतर डानच्या जिन्यांवर त्यांना नेणे मला योग्य वाटत नाही. डानऐवजी लिंडेलब्रुन घ्यावा. क्रामरहाउसपाशी गाडी लावली की थोडीच चढण आहे, अवशेष लहान आहेत आणि चारही बाजूंचे सुळके एका जागी उभे राहून दिसतात.

कार्ल्सरूहकर

डान गाळण्यास माझा विरोध आहे. डानपासून सुरुवात करावी, असे मी पहिल्याच प्रतिसादात सुचवले होते आणि अजूनही तेच म्हणतो. ट्रिफेल्सला जो वेळ जाईल तो डानला द्यावा.

केतकीचे_पान

मग आई आणि मी लिंडेलब्रुनला जातो, आपण तिघे पुरुष डानला जा. गंमत करते आहे, पण कल्पना वाईट नाही. वाटचुकार, ट्रिफेल्सची वेळ आणि कोणता भाग दुरुस्तीसाठी बंद आहे का, हे निघण्याच्या आदल्या दिवशी पाहून घ्या.